कोर्टात फक्त भाव विचारता येत होता

एलएलबीला ज्युरिसप्रुडन्सचा, म्हणजे विधिशास्त्राचा, पेपर बहुतेकांना नकोसा असतो. करार, फौजदारी, मालमत्ता हे विषय पुढे वकिलीत रोज कामाला येतात. पण कायदा म्हणजे नेमकं काय, तो न्याय्य नसला तरी कायदाच राहतो का, त्याला बळ कुठून मिळतं, असल्या प्रश्नांसाठी कुठलं अशील फी मोजणार, असा सगळ्यांचा सूर असतो. मी मात्र कायद्याला आले ती याच प्रश्नांसाठी.

मी घणसोली गावातली, आगरी घरातली. आमच्या पट्ट्यातली शेती आधी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीसाठी गेली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर नव्या शहरासाठी. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची हीच कथा. आजोबा त्याबद्दल बोलायला लागले की दोन वाक्यं हमखास यायची. "सरकारनं कायद्यानं घेतली," आणि त्याच दमात, "अन्याय केला आमच्यावर." लहानपणी मला वाटायचं, यातलं एकच काहीतरी खरं असणार. कायद्याने घेतली तर अन्याय कसा, आणि अन्याय असेल तर तो कायदा कसला? बी.कॉम. होऊन नोकरीला लागले तरी हे डोक्यातून गेलं नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात का, हे मला नीट, शिस्तीने समजून घ्यायचं होतं.

सकाळी ट्रान्स-हार्बरने ठाणे, कॉलेज, आणि दुपारपासून रबाळ्याच्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम, असा दिवस असायचा. वर्गात हा विषय गाईडवरच चालायचा: ऑस्टिनची व्याख्या आणि तिच्यावरचे आक्षेप, केल्सनचा सिद्धान्त आणि त्याच्यावरचे आक्षेप. पास व्हायला तेवढं पुरतं. पण आक्षेप पाठ केले की तो माणूस कशाशी झगडत होता ते मात्र कळत नाही. ठाणे कोर्टात दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करणारे एक वकील आम्हाला व्हिजिटिंगला यायचे. त्यांनी मला एक सवय लावली. आधी एक खटला घ्यायचा. कोण काय मागतोय, न्यायाधीश ते कशाच्या आधारावर देतोय किंवा नाकारतोय, हे स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहायचं, आणि मगच तत्त्वज्ञ उघडायचा. हा विषय शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आज हेच सांगते. उलट्या दिशेने गेलं तर सगळे सिद्धान्त सारखेच हुशार वाटतात आणि एकही आपला वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. हा विषय एकट्याने वाचायचा नाही. आमचा चौघांचा गट जमला तो वर्गातल्या एका भांडणातून, त्याबद्दल पुढे सांगते. मुंब्र्याची एक मैत्रीण, कळव्याहून येणारा बँकेतला एक मुलगा, मी, आणि रायगड जिल्ह्यात तलाठी म्हणून आयुष्यभर नोकरी करून निवृत्तीनंतर कायदा शिकायला आलेले एक गृहस्थ. त्यांना आम्ही भाऊसाहेबच म्हणायचो. पुस्तकं ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणायची. १८९३ पासूनचं ते ग्रंथालय. बोलायला मात्र तलावपाळीचा कट्टा, कारण आमचं बोलणं कुठल्याही वाचनालयाला परवडणारं नव्हतं.

सुरुवात ऑस्टिनपासून. त्याने १८३२ मध्ये मांडलेलं सूत्र सरळ आहे. सार्वभौम सत्तेची आज्ञा, आणि ती मोडली तर शिक्षा, म्हणजे कायदा. आज्ञा चांगली की वाईट हा वेगळा विषय. आमच्या गावात हे कोणालाही पटेल, कारण मोजणीला माणसं यायची तेव्हा बरोबर पोलीस असायचे, असं घरोघरी सांगतात. पण हार्ट या इंग्लिश विधितज्ज्ञाने १९६१ च्या आपल्या पुस्तकात ऑस्टिनला एकच प्रश्न विचारला आणि सगळी मांडणी हलवली. पिस्तूल रोखून पैसे मागणाऱ्याला आपण पैसे देतो, द्यावेच लागतात. पण पैसे देणं हे आपलं कर्तव्य होतं का? ऑस्टिनच्या सूत्रात लुटारू आणि सरकार यांच्यात फक्त आकाराचा फरक उरतो. हार्टचं म्हणणं, कायदा धाकावर उभा नसतो, नियमांवर उभा असतो. आणि निदान न्यायाधीश, अधिकारी आणि पुष्कळ सामान्य माणसं ते नियम स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वागण्याचं माप म्हणून मानतात, तेव्हाच ते नियम जिवंत असतात.

हे वाचत असतानाच भाऊसाहेबांनी आम्हाला १८९४ चा भूसंपादन कायदा शिकवला. वर्गात कोणी शिकवलं नसतं असा, कामातून आलेला. कलम ४ ची अधिसूचना, कलम ५अ खालच्या हरकती, कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस, मग कलम ११ चा निवाडा. निवाड्यातली रक्कम मान्य नसेल तर कलम १८ खाली कोर्टात रेफरन्स, म्हणजे तो वाद कोर्टाकडे पाठवायची मागणी. चावडीवर नोटिसा त्यांनी स्वतः लावल्या होत्या. "लोक शिव्या द्यायचे," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचे, भाऊसाहेब, अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा?"

मला हार्ट त्या वाक्याने समजला. ठाण्याच्या कोर्टात आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी वाढीव मोबदल्याचे रेफरन्स लावले. आजोबांनीही लावला होता. ज्या कायद्याने जमीन गेली त्याच कायद्याचं कलम हातात धरून ही माणसं सरकारला जाब विचारत होती: तुमच्याच नियमाप्रमाणे तुम्ही वागलात का ते दाखवा. लुटारूकडे वाढीव मोबदल्याचा अर्ज कोणी करत नाही. म्हणजे आजोबांचं पहिलं वाक्य, "कायद्यानं घेतली," हे हताश होऊन म्हटलेलं नव्हतं. त्यात त्या नियमांना दिलेली मान्यता होती आणि त्या मान्यतेतूनच येणारी मागणीही.

आणि दुसरं वाक्य? त्यासाठी तो कायदा कुठे संपतो ते पाहावं लागलं. कलम ६ ची घोषणा झाली की जमीन सार्वजनिक कामासाठी हवी आहे याचा तो निर्णायक पुरावा, असं कायद्यातच लिहिलेलं. सत्ता कपटाने वापरली हे सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी, पण ते जवळपास अशक्य. हरकतीचं कलम ५अ होतं, पण तातडीचं कलम १७ लावलं की तेही वगळता यायचं. राहिला कलम १८ चा दरवाजा, आणि त्यातून आत गेलं की बोलणी रकमेचीच. बाजारभाव किती, झाडं किती, आणि सक्तीने घेतल्याबद्दलचा ज्यादा मोबदला, जो १५ टक्के होता आणि १९८४ च्या दुरुस्तीने ३० झाला. हे शहर कोणासाठी वसतंय, शेती गेल्यावर शेतकऱ्याने पुढे कोण व्हायचं, खाडीवर आणि मिठागरांवर जगणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळांचं आणि मजुरांचं काय, हे कोर्टात विचारायला तोंडच नव्हतं. त्यातच ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून कलम ३००अ मध्ये गेला: कायद्याच्या अधिकाराशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढंच. आणि इथे कायदा तर होताच.

म्हणजे जमीन कायद्याने घेतली होती हे खरं, आणि त्या कायद्यात अन्यायाला नाव द्यायची सोय नव्हती हेही खरं. "हा कायदा आहे" आणि "हा न्याय्य आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत, हार्टच्या आणि त्याच्या आधी बेंथमच्या या आग्रहावर नेहमी एक आरोप होतो की हे लोक नीतीला कायद्याबाहेर हाकलतात. मला तो आरोप अजिबात मान्य नाही. दोन विधानं वेगळी ठेवली तरच कायद्याकडे बोट दाखवून "हा कायदा आहे आणि तो वाईट आहे" असं म्हणता येतं. न्याय्य तेवढाच कायदा असं धरून चाललं, तर सत्तेतला माणूस ते वाक्य उलटं फिरवतो: हा कायदा आहे, म्हणजे तो न्याय्यच असणार. आमच्या लोकांनी हे सरकारी भाषणांतून पुष्कळ ऐकलं आहे.

आता त्या भांडणाबद्दल. १९५८ मध्ये हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात हार्ट आणि अमेरिकन विधितज्ज्ञ फुलर यांचा वाद छापला गेला. त्याच्या मध्यभागी एक जर्मन खटला आहे. १९४४ मध्ये एका बाईने आपला सैनिक नवरा घरात हिटलरविरुद्ध बोलला म्हणून त्याची चुगली केली. नाझी कायद्याप्रमाणे तो गुन्हाच होता. त्याला मृत्युदंड सुनावला गेला, पुढे आघाडीवर धाडलं गेलं. युद्धानंतर त्या बाईवर खटला चालला. तिचा बचाव एकच: मी त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वागले. राडब्रुख हा जर्मन विधिवेत्ता, वायमार काळातला न्यायमंत्री, नाझींनी १९३३ मध्ये प्राध्यापकीतून काढलेला. त्याने १९४६ मध्ये लिहिलं होतं की कायद्यातला अन्याय असह्य टोकाला गेला तर त्या कायद्याने न्यायासाठी बाजूला झालं पाहिजे. हार्ट म्हणतो, बाईला शिक्षा द्यायचीच असेल तर उघडपणे पूर्वलक्षी कायदा करा आणि आपण एक वाईट गोष्ट दुसरी टाळण्यासाठी करतोय हे मान्य करा. तो कायदा नव्हताच असं म्हणून सुटू नका. फुलर म्हणतो, मुळात नाझींच्या त्या व्यवस्थेला कायदा म्हणण्यासारखं शिल्लकच काय होतं? गुप्त फर्मानं, मागून लागू केलेले नियम, लिहिलेल्या नियमाला न जुमानणारी कोर्टं.

वर्गात मी हार्टच्या बाजूने बोलले आणि मुंब्र्याची मैत्रीण उठून उभी राहिली. तिने जर्मनीचं नावही काढलं नाही. ती म्हणाली, फुलरच्या आठ अटींतली शेवटची अट ठाण्यात येऊन वाचा. कायद्याला कायदा म्हणवून घ्यायचं असेल तर तो आधी जाहीर हवा, स्पष्ट हवा, पाळता येण्यासारखा हवा, रोज बदलणारा नको, अशा त्या अटी. आठवी अशी की जाहीर केलेला नियम आणि अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष कृती यांचा मेळ हवा. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. बांधकाम बेकायदा होतं, चालू होतं, आणि त्यात माणसं राहायलाही आली होती. "नियम होता ना?" ती म्हणाली. "जाहीर होता, स्पष्ट होता. मजले चढत होते तेव्हा तो कुठे होता? कागदावरच्या नियमाला कायदा म्हणायचं असेल तर तुझं बरोबर. ज्यांना त्या नियमाच्या भरवशावर झोपायचं होतं त्यांना विचार." वर्ग गप्प झाला. सरांनी घंटा झाली तरी कोणाला उठू दिलं नाही, आणि त्या दिवसापासून आमचा गट सुरू झाला.

तिचा मुद्दा मी अजून पूर्ण परतवू शकलेले नाही. फुलरच्या अटींना पुष्कळ जण नुसती कारागिरीची शिस्त म्हणतात; त्या पाळूनही दुष्ट राजा दुष्ट कायदा करू शकतो. हे खरं आहे. पण लिहिलेला नियम स्वतः सरकारने पाळणं ही नुसती शिस्त नाही, दुबळ्याच्या हातातलं ते एकमेव शस्त्र असतं. भाऊसाहेब म्हणायचे, गरिबाला सातबारा लागतो, श्रीमंताला ओळख पुरते.

पण या वादाला माझ्यासाठी खरी दिशा मिळाली ती महाडने. सगळे पाश्चात्य विचारवंत वाचून झाल्यावर सरांनी सांगितलं, आता चवदार तळ्याचा खटला घ्या आणि त्यात हार्ट, फुलर, ऑस्टिन कुठे दिसतात ते दाखवा. शाळेत आपण सगळे चवदार तळं शिकतो, पण ते सत्याग्रह म्हणून. दिवाणी दावा म्हणून कोणी शिकवत नाही.

क्रम पाहा. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर होतो: सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाडची नगरपालिका आपलं तळं खुलं असल्याचा ठराव करते. नियम आहे, जाहीर आहे, स्पष्ट आहे. पाणी मात्र कोणी घेऊ देत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी पितात. इथे गंमत नाही, गांभीर्याने घ्यायची गोष्ट आहे: त्या दिवशी त्यांनी कायदा मोडला नाही. कायदा त्यांच्या बाजूचा होता. त्यांनी तो अमलात आणला, आणि त्याबद्दल परतणाऱ्या लोकांना मार खावा लागला. तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला, तर त्याच्या आधी सनातनी मंडळींनी कोर्टात दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट फार जुनी आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग २५ डिसेंबरपासून महाडला हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी काय केलं? मनुस्मृती जाळली, आणि मनाई हुकूम पाळला. तळ्याला शांतपणे फेरी घातली गेली, पाण्याला हात लावला नाही. जे शास्त्र अन्यायाला धर्म म्हणत होतं ते अग्नीत, आणि अन्याय्य वाटणारा पण कोर्टाचा असलेला हुकूम मान्य. मी हे वाचून कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. हुकूम पाळणं म्हणजे त्याला न्याय्य म्हणणं नाही, हे या माणसाने हार्टच्या कितीतरी आधी, जमावासमोर उभं राहून दाखवलं होतं.

निकाल लागायला दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हे तेच, ज्यांनी मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली होती. निकाल मी मुद्दाम पुन्हा पुन्हा वाचला, कारण मला त्यात माणुसकीचं एक मोठं वाक्य हवं होतं. तसं ते नाही. निकाल उभा आहे तो एवढ्यावर की सांगितलेली वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का हे पाहावं लागलं असतं, एवढा उल्लेख करून न्यायालय थांबतं. न्याय मिळाला, पण तो पुराव्याच्या कोरड्या मुद्द्यावर. आमच्यातला बँकेतला मुलगा यावर चिडला. त्याचा कल ड्वॉर्किन या अमेरिकन विधितज्ज्ञाकडे: कायद्यात नियमांखाली तत्त्वंही असतात, आजोबाचा खून करून वारसा मागणाऱ्या नातवाला न्यूयॉर्कच्या कोर्टाने १८८९ मध्ये नियमात स्पष्ट मनाई नसतानाही वारसा नाकारला तो त्या तत्त्वांवर, मग ब्रूमफील्ड समतेच्या तत्त्वापर्यंत का गेले नाहीत? माझं उत्तर असं की १९३७ च्या कायद्यात ते तत्त्व नव्हतंच. ते कायद्यात आलं १९५० मध्ये, भेदभाव आणि अस्पृश्यता यांना मनाई करणारी संविधानाची कलमं १५ आणि १७ म्हणून, आणि ते तिथे कुठल्या न्यायाधीशाने आणलं नाही. ते राजकारणाने आणलं. महाडचं राजकारण, काळारामचं राजकारण, संविधान सभेतलं राजकारण.

इथे मला माझा धागा सापडला. कायदा आणि नीती यांच्यामध्ये जी दरी आहे ती खरी आहे. ती व्याख्येने बुजत नाही आणि न्यायाधीशाच्या चांगुलपणानेही बुजत नाही. ती ओलांडायचं काम राजकारण करतं. आणि ते काम झालं की नाही हे तेव्हाच म्हणता येतं जेव्हा त्याचं पुन्हा नियमात रूपांतर होतं आणि शेवटचा माणूस त्या नियमावर बोट ठेवून जाब विचारू शकतो.

मग पुढचा प्रश्न सुटेना. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनीच सांगितलं की आता सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग सोडले पाहिजेत. सनदशीर मार्ग उघडे असताना त्यांचं समर्थन होऊ शकत नाही. मग १९८४ चं काय? १६ आणि १७ जानेवारीला उरण भागात, जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. स्वतः वकील. त्या आंदोलनातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना आली, जिच्यावर आज आमच्या पट्ट्यातली कितीतरी घरं उभी आहेत. स्वतंत्र भारत, निवडणुका होत आहेत, कोर्टं उघडी आहेत. बाबासाहेबांच्या कसोटीवर हे बसतं का?

आमच्यात यावर सगळ्यात कडाक्याची चर्चा झाली. भाऊसाहेबांचं ठाम मत, बसत नाही; रस्ता अडवला की उद्या कोणीही अडवेल. मी म्हटलं, ते वाक्य पूर्ण वाचा. सनदशीर मार्ग उघडे *असताना*, अशी अट त्यात आहे. आणि मार्ग उघडा आहे म्हणजे काय? कोर्टाचा दरवाजा उघडा होता, पण त्यातून आत गेलं की फक्त भाव विचारता येत होता. जमिनीतला वाटा द्या, ही मागणी कलम १८ च्या कुठल्याही रेफरन्समध्ये बसली नसती. जगातल्या सगळ्यात सहृदय न्यायाधीशालाही ती देता आली नसती. मोर्चा, सभा, विधानसभेत प्रश्न हेही सनदशीरच मार्ग आहेत आणि ते आधी वर्षानुवर्षं चालले होते. मी रस्ता अडवणं योग्य ठरवत नाही. पण 'मार्ग उघडा होता' असं म्हणणाऱ्याने तो मार्ग कुठवर जात होता हेही दाखवलं पाहिजे. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि पुनर्वसन आलं, खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधितांची संमती आली. जो प्रश्न १८९४ च्या कायद्यात विचारता येत नव्हता, तो आता कायद्यात लिहिलेला आहे. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी तो तिथे नेला.

बाकीचा अभ्यासक्रम भराभर झाला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न असलेला जबलपूरचा खटला सगळ्यांनी वाचावा, विशेषतः न्या. खन्ना यांचं एकट्याचं भिन्नमत. चार न्यायमूर्ती एका बाजूला असताना त्यांनी लिहिलं की जगण्याचा हक्क हा काही संविधानाने दिलेला प्रसाद नाही की तो स्थगित केला म्हणजे संपला, असा त्याचा आशय. १९७६ चं ते मत २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने उचलून धरलं. कायद्याने नीती लादावी का, हा हार्ट आणि ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन यांचा वाद आम्ही डान्सबारवर लावून वाचला. २००५ ची राज्याची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द ठरवली, आणि कारणांतलं एक असं की तारांकित हॉटेलांना सूट होती. तेच नृत्य महागड्या हॉटेलात नीतीला चालतं आणि पनवेलच्या रस्त्यावरच्या बारमध्ये चालत नाही, तर लादलं जातंय ते नीती म्हणून की वर्ग म्हणून, हा प्रश्न त्या निकालाने मला दिला. त्यातल्या बायकांच्या पोटाचा प्रश्न मात्र रद्द झालेल्या बंदीनेही सुटला नाही.

परीक्षेच्या पेपरात प्रश्न नेहमीचेच आले. मी प्रत्येक उत्तरात एक खटला घेतला आणि सिद्धान्त त्याच्यावर चालवून दाखवला. आता सनद मिळाली आहे आणि मी ठाणे कोर्टात ज्युनिअर म्हणून काम करते. येणाऱ्या फायलींत जमीन आणि बांधकाम हेच जास्त. गटही टिकून आहे.

सध्या आम्ही चौघं मिळून एक टिपण लिहितोय, गरजेपोटी बांधलेल्या घरांवर. आमच्या गावांचं गावठाण वाढवलं गेलं नाही, कुटुंबं वाढली, मुलांनी संपादित झालेल्या पण मोकळ्या पडलेल्या जमिनीवर घरं बांधली. कायद्याच्या लेखी ते अतिक्रमण. मुंब्र्याची मैत्रीण म्हणते, राज्याने नगररचना कायद्यात कलम ५२अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट काढली, अशी प्रत्येक तारीख पुढच्या बेकायदा मजल्याला आमंत्रण देते, आणि ७४ माणसं तिच्या डोळ्यांसमोरून हटत नाहीत. मी म्हणते, गावठाण न वाढवून ज्याने गरज निर्माण केली त्यानेच त्या गरजेला गुन्हा म्हणू नये. आम्ही एकमताचा हट्ट सोडला आहे. न्यायमूर्ती लिहितात तशी वेगवेगळी मतं एकाच टिपणात देणार आहोत. तिचं लिहून झालं. माझं अडलंय ते भाऊसाहेबांच्या अटीवर. ते म्हणतात, गरज आणि धंदा यांच्यातली तुझी रेषा अशी हवी की तलाठ्याला पंचनाम्यात लिहिता आली पाहिजे, नाहीतर ती पुन्हा ओळखीवर जाईल. तारीख धरली तर मोजायला सोपी, पण उशिरा वेगळं झालेल्या भावावर अन्याय. मजले धरले तर भाड्याच्या खोल्या बाहेर पडतात, पण मोठं एकत्र कुटुंबही बाहेर पडतं. कुटुंबातली माणसं धरली तर रेशनकार्ड कुणाचं धरायचं, हा प्रश्न येतो. आत्ता मी पहिला मजला आणि मालकाचं स्वतःचं वास्तव्य या दोन अटी एकत्र घालून पाहते आहे, आणि घणसोलीतल्या आमच्याच आळीतल्या घरांवर ती रेषा लावून कोण आत राहतं, कोण बाहेर जातं, याची यादी करते आहे.